निळ्या दगडाचं लेबल

प्रिय दगडोबा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, ह्याचा फोन बिघडला की डोकं? दोन्ही ठीक आहे. तुझं घर माझ्यापासून चार गल्ल्यांवर, आणि मी तुला पत्र लिहितोय. कारण साधं आहे. समोर आलो की तू ‘काय रे दातपाड्या, आज कुणाचे पाडलेस?’ म्हणून सुरुवात करतोस, मी हसतो, चहा येतो, तू उशीखालून एखादा दगड काढतोस आणि जे सांगायला आलेलो असतो ते तसंच घशाखाली जातं. जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणत आलो, आणि स्वतःवर पाळी आली की माझीच दातखीळ बसते. म्हणून आज पत्र. पत्राला तू मध्येच चहा पाजू शकत नाहीस.

संग्रहालयातल्या बाईंनी मंगळवारी लेबलाचा छापील नमुना पाठवला. येत्या रविवारी त्यांची नवी खोली उघडणार आणि आपले दोन दगड एकाच काचेच्या कपाटात बसणार: तुझं कॅल्साइटचं फुलपाखरू आणि माझा निळा सेलेस्टाइन. खाली एक ओळ, ‘दोन्ही नमुने एकाच खाणीतले; फाटकापलीकडची खाण, पूर्वेचा कडा.’ मी ती तपासून सही करायची. तीन दिवस कागद टेबलावर पडून होता, सही झाली नाही. आणि तिकडे तू पायात सळई घालून त्याच कड्यावर पुन्हा चढायच्या गोष्टी करतोयस. ह्या दोन्हीचं मूळ एकच आहे आणि ते माझ्याकडे आहे. तेच सांगायला बसलोय. फक्त सरळ सांगवत नाही, जरा वळण घेऊन येतो. तू बस चालवणारा माणूस, तुला वळणांचं काय!

तुला आठवतं ना, पहिल्यांदा आलास ते गाल हा एवढा सुजवून? एकतीस वर्षं झाली. मी दाढेशी झटापट करतोय, तुझ्या तोंडात माझी अर्धी हत्यारं, आणि तू हातवारे करून खिडकीकडे काहीतरी दाखवतोयस. मला वाटलं, दुखतंय. आणखी एक सुई टोचली. तरी हातवारे चालूच. दाढ निघाली, तू कापूस चावत खुर्चीतून उठलास तो थेट खिडकीपाशी. तिथे मी कागद उडू नयेत म्हणून कुठूनसा आणलेला एक मळकट दगड ठेवला होता. तू तो बेसिनखाली धरलास, माझाच ब्रश घेऊन घासलास आणि माझ्या तळहातावर ठेवलास. मळ गेला होता आणि खालून इवलेसे चकचकीत सुळके वर आले होते, एकाच कोनात झुकलेले, जणू कुणी पट्टीने आखून दिलेत. तोंडभर कापूस असताना तू मला काहीतरी समजावत होतास, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. पण बाहेर बसलेले चार पेशंट विसरून मी तो दगड बघत उभा राहिलो. जाताना तू गोळ्या घ्यायला विसरलास आणि मोडक्या बारीक हत्यारांचा डबा मात्र मागून घेतलास. दातांच्या फटी कोरायची ती वाकडी टोकं स्फटिकांमधली माती काढायला फार छान, म्हणालास. तेव्हापासून माझ्याकडचं एकही हत्यार भंगारात गेलेलं नाही.

मी शिकलेला, तू दहावी नापास, आणि आयुष्यात मला जे काही बघायला शिकवलंस ते तू. हे तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू लगेच फुगला असतास. त्या पहिल्या वर्षी माझ्या शहाणपणाचा उच्छाद आठवतोय? कॅल्साइट लवकर साफ व्हावा म्हणून मी तो आम्लात बुडवला. फस्सकन फेस आला, आणि तासाभराने त्या धारदार कडा चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. तो दगड लाखो वर्षं जमिनीत शाबूत राहिला आणि माझ्या बेसिनमध्ये एका दुपारी गेला. तू ओरडला नाहीस. म्हणालास, साधं पाणी, मऊ ब्रश आणि बूड टेकून बसायची तयारी, एवढंच लागतं. तू बसायचास. सहा-सहा आठवडे एकेका दगडापुढे. दिवसभर बसचं स्टिअरिंग फिरवून आलेला माणूस संध्याकाळी श्वास रोखून सुईच्या टोकाने एकेक कण उचलतो, हे मी स्टुलावर बसून बघितलंय. माझे हात सफाईदार म्हणून गावभर नाव आहे, पण तुझ्या हातांपुढे ते कसाबाचे.

आणि लेबलं! तुझं ते लेबलांचं वेड. दगड कितीही देखणा असो, तो कुठे सापडला हे लिहिलेलं नसेल तर तो अनाथ, असं तू म्हणायचास. पोरक्याचा बाप सांगता आला पाहिजे. जागा, तारीख, शोधणारा, तिन्ही गोष्टी शाईने लिहायच्या. आणि लेबल चुकलं तर? फाडायचं नाही, टाकायचं नाही. चुकीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. म्हणजे पुढच्या माणसाला चूकही दिसते आणि ती कुणी केली तेही. मी हसलो होतो, दगडांच्या बाबतीत एवढी पोलीस चौकशी कशाला म्हणून. तू हसला नव्हतास.

आता वळण संपत आलं.

तुझी मुलगी बावीस वर्षांची झाली. तिचं वय मला कधी विचारावं लागत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? दर वाढदिवसाला सगळ्यांच्या आधी माझा फोन, सगळ्यांत मोठं खेळणं माझं, कॉलेजात गेली तेव्हा घड्याळ माझं. वहिनी म्हणतात, काकांचा काय जीव आहे पोरीवर. आहेच. पण तिचं वय आणि माझ्या एका खोटेपणाचं वय एकच आहे, म्हणून ते विसरत नाही.

ती जन्मली त्याच्या आधीच्या आठवड्यात तू धावत माझ्या दवाखान्यात आला होतास, ड्रायव्हरच्या गणवेशातच. पाण्याच्या टाकीमागच्या जुन्या खाणीला वळसा घालून तुझी बस जायची. बाकीच्या ड्रायव्हरांना तिथे फक्त वळण दिसायचं, तुला भिंत दिसायची. सगळी भिंत वाळून खडखडीत झाली तरी एका पांढऱ्या डागाखाली ओल तशीच राहते, हे तू पंधरा दिवस येता-जाता बघून ठेवलं होतंस. म्हणजे आत पोकळी आहे, पाणी साठतंय, आणि जिथे एवढी पोकळी तिथे स्फटिकांना वाढायला जागा. चालत्या बसमधून! मी मान डोलावली, पण खरं सांगतो, मनात म्हटलं, हा माणूस कुठून घडवून आणलाय देवाने. रविवारी दोघांनी मिळून उघडायची, असं ठरलं. नवी जागा एकट्याने उघडायची नाही हा आपला करारच होता. आणि शनिवारी वहिनींना बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. लग्नानंतर बारा वर्षांनी घरात मूल येणार होतं. तू मला फोन केलास, घाबराघुबरा, आणि फोन ठेवताना म्हणालास की खाण कुठे पळून जात नाही, पुढच्या रविवारी जाऊ.

मी त्याच रविवारी गेलो. एकटा. नुसतं बघून येऊ, असं स्वतःला सांगत गेलो. असल्या वेळी माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो. डाग कमरेच्या उंचीवर होता. चार घाव घातले आणि छिन्नी एकदम आत गेली. आतून गार हवा आली. टॉर्च लावला, दगडोबा, आणि मी खाली बसलो. आत निळं होतं. आकाशाचा एखादा तुकडा कुणीतरी त्या काळोखात जपून ठेवावा तसं. पातळ, स्वच्छ, बोटाएवढी पाती एकमेकांना टेकून उभी, मागे आणखी, त्याच्या मागे आणखी. मी तोंडाशी होता तो एक गठ्ठा सोडवला. आणि मग मला तू आठवलास, त्या कॉरिडॉरमध्ये येरझारा घालणारा. तेव्हाच सगळं तसंच ठेवून तुझ्याकडे यायला हवं होतं. मी घाबरलो. त्या भोकात दगड रचले, फटींत ओली माती थापली, वरून धूळ मारली. दुपारी तुझ्या मुलीला बघायला आलो तेव्हा बुटांवर पांढरी भुकटी होती. तू विचारलंस. मी म्हटलं, दवाखान्यातलं प्लास्टर. तू लगेच विश्वास ठेवलास, आणि ते एवढंसं गाठोडं माझ्या हातात दिलंस. नखांतली खाणीची माती तिच्या दुपट्याला लागली, तेवढी वहिनींना दिसली नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. बघ, कशासाठी आभार मानत होतो ते!

आठवड्याने तुला सांगितलं की जाता-जाता त्या डागापाशी थांबलो होतो, आत काही नाही, नुसता भुसभुशीत चुना. तू म्हणालास, बरं झालं, माझी फेरी वाचली. पुढे तुझी बसही दुसऱ्या रस्त्याला लागली. महिनाभर मी निळा लपवला, पण असा दगड घरात असताना गप्प बसवत नाही. शेवटी तुला बोलावलं. लेबल आधीच करून ठेवलं होतं. शोधणारा म्हणून माझं नाव, आणि जागा म्हणून फाटकापलीकडची खाण, पूर्वेचा कडा. का तोच? तर त्याच्याइतका भिकार कडा पंचक्रोशीत नव्हता. करडा, मुका दगड. म्हटलं, तिथे कोण मरायला जाणार.

तू गेलास.

तू त्या दिवशी निळा खिडकीच्या उजेडात तासभर फिरवत होतास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी एवढं मोठं घबाड दाखवत होतो आणि तुझ्या चेहऱ्यावर हेव्याचा कण शोधत होतो, म्हणजे मला जरा बरं वाटलं असतं. तो नव्हता. तू फक्त म्हणालास, तुझ्या हाताला यश आहे रे. मी असतो तुझ्या जागी, तर दात-ओठ खात घरी गेलो असतो. तेव्हापासून मी तो दगड काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. लोकांना सांगतो, उन्हाने रंग उडतो. ते खरंही आहे. पण मी तो बघत नाही ते उन्हासाठी नाही.

बावीस वर्षं सुट्टीच्या दर रविवारी तू पूर्वेच्या कड्याला गेलास. मी किती सबबी सांगितल्या, आठव: तिथलं संपलं असेल, कडा ठिसूळ आहे, माझी कंबर धरलीय. तू एकटा जायचास. माझ्या लेबलामुळे ती ‘नवी जागा’ उरली नव्हती ना, म्हणून करार मोडत नव्हता. रिकामा यायचास, हसत यायचास. आणि एकोणिसाव्या वर्षी तू ते फुलपाखरू घेऊन माझ्या दवाखान्यात शिरलास. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं टाकून बसलेला, आणि तू त्याच्या छातीवरच्या कापडावर तो दगड ठेवलास! दोन स्फटिक एकमेकांना आरशासारखे जुळलेले, पंख पसरलेले, एक ओरखडा नाही. जिथे मी पैज लावून सांगितलं असतं की काही नाही, तिथून. संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, इतकं निर्दोष जुळं त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलंय. लोक म्हणतात नशीब. मला माहीत आहे ते नशीब नव्हतं. खोट्या पत्त्यावर जाऊन खरं काहीतरी घेऊन यायला माणूस तुझ्यासारखाच लागतो. आणि तू त्याच्या लेबलावर काय लिहिलंस? ‘जागा दाखवणारा: माझा मित्र.’ ते वाचून मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो होतो. पेशंटला वाटलं, डॉक्टर हात फार धुतात.

दोन महिन्यांपूर्वी तू कड्यावरून पडलास. पाय दोन ठिकाणी मोडला. मी हॉस्पिटलमध्ये धावलो तेव्हा तू गुंगीत होतास आणि वहिनी म्हणाल्या, निळं शोधत होते. मागच्या रविवारी तुझ्याकडे आलो, तर तू एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर कड्याचा नकाशा काढून बसलेला. चौकोन आखलेले, बघून झालेले पेन्सिलीने काळे केलेले. बावीस वर्षांचे काळे चौकोन. वर उजव्या कोपऱ्यात फक्त पाच-सहा पांढरे, सगळ्यांत उंच, सगळ्यांत वाईट जागी. तिथेच असणार, म्हणालास. काठी सुटली की पंधरा दिवसांत जातो. मी म्हटलं, नसेलही. तर तू माझ्याकडे असं बघितलंस की मी काहीतरी वेड्यासारखं बोललोय, आणि म्हणालास, तुझं लेबल आहे ना, मग झालं. दारात वहिनी उभ्या होत्या. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, भाऊजी, ते फक्त तुमचं ऐकतात, एवढं समजवा. पुन्हा पडले तर उठायचे नाहीत म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. मी बरं म्हणालो, चपला घातल्या आणि पळालो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला कशाला सांगताय?

म्हणून हे पत्र. तू वर चढू नयेस म्हणून. पूर्वेच्या कड्यावर निळं नाही, कधीच नव्हतं. आज सकाळी मी संग्रहालयात जाऊन आलो. छापील नमुन्यावर सही केली नाही. माझं जुनं लेबल बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यादेखत तू शिकवल्यासारखी एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. जागा: पाण्याच्या टाकीमागची जुनी खाण. शोधणारा ह्या शब्दापुढचं माझं नाव खोडून तुझं लिहिलं, आणि खाली सही केली. ते तसंच, खाडाखोडीसकट, कपाटात लागणार आहे. येणारे-जाणारे वाचतील, वाचू देत. तुझ्या फुलपाखराच्या लेबलावरचा ‘माझा मित्र’ मात्र तू तुझ्या हाताने खोड, मला तो अधिकार नाही. काल टाकीमागे जाऊन आलो. तिथे आता कुणी फिरकत नाही. मी रचलेले दगड जसेच्या तसे आहेत, खाली ओल आहे. मी हात लावला नाही. रिक्षा अगदी टाकीपर्यंत जाते, पुढे पन्नास पावलं सपाट आहेत, आणि जागा कमरेएवढ्या उंचीवर, तू खुर्ची टाकून बसशील तरी चालेल. वहिनींना घेऊन जा, मुलीला ने. मी आयुष्यभर तुझ्या विश्वासावर जगलो, आता माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, जाऊन स्वतः बघ. मला बोलावलंस तर खुर्ची मी आणीन, नाही बोलावलंस तर मला समजेल. हातोडी नेऊ नकोस. दगड नुसते रचलेले आहेत, हातानेच निघतील.

तू नाही म्हणालास तरी तुझाच,
दातपाड्या